खिंबाईचं परीक्षण

— कसं आहे म्हणजे? अहो, असं एकदम नका विचारू मला. कसं आहे ते चांगलं ठाऊक आहे, ठाऊक आहे म्हणून तर इतके दिवस जेवण गोड लागत नाहीये. नाही नाही, खाली ठेवू नका, असू दे हातात. कागद बघा काय गुळगुळीत. वर चंदेरी अक्षरं. आणि मागं लेखिकेचा फोटो बघा— माळरान, धुकं, केस वाऱ्यावर— वारा कसला डोंबलाचा, तिचा नवरा ओणवा होऊन केस वाळवायचं यंत्र धरून बसला होता, आणि माळरान म्हणजे ह्या दुकानामागचं अंगण. मला माहीत असणारच, वायर मी धरली होती. मॉर्वेना म्हणतात तिला. म्हणजे आमच्या चेटकिणींच्या मंडळात म्हणतात. पाळण्यातलं नाव फिलिपा, नवरा दातांचा डॉक्टर, लंडनकडची माणसं. मी ग्लेनिस. मंडळात मला थिसल म्हणतात, पण तुम्ही आपलं ग्लेनिसच म्हणा, थिसल म्हटलं की मला अजून वाटतं दुसऱ्याच कुणाला हाक मारली. बसा ना त्या स्टुलावर. मांजराला ढकला, ते आपणहून उठत नाही.

तर तुम्ही विचारलंत, कसं आहे. तुमचंही बरोबर आहे म्हणा. तुम्हाला वाटणार, बाईचं चेटकाचं दुकान आहे, बाई 'हॅझेल' त्रैमासिकात पुस्तकांची परीक्षणं लिहिते, अंकात नाव छापून येतं, विचारलं की सांगेल. कुठून सांगेल? अहो, आम्ही आहोत किती? उत्तर इंग्लंडातल्या सगळ्या चेटकिणी गोळा केल्या, बायका पुरुष सगळे धरून, तर एका बऱ्यापैकी लग्नाला पुरतील. त्यातल्या निम्म्यांनी पुस्तकं लिहिलीयत, उरलेले निम्मे लिहितायत. जिच्या पुस्तकाचं परीक्षण लिहायचं ती पौर्णिमेला रिंगणात माझा हात धरून उभी. संपादक क्लाइव्ह— क्लाइव्हचं स्वतःचं पुस्तक येतंय वसंतात, आणि त्याचं परीक्षण कोण लिहिणार? मॉर्वेना. बरं, रिंगणात शिरताना काय म्हणावं लागतं माहितीये? छातीला सुरीचं टोक लावतात आणि विचारतात, कशी आलीस? आपण म्हणायचं, संपूर्ण प्रेमानं आणि संपूर्ण विश्वासानं. असं सुरीच्या टोकावर म्हणून झाल्यावर घरी जा आणि लिहा, की बाईंचं तिसरं प्रकरण उचललेलं आहे. जमतंय का बघा.

म्हणून आमची एक वेगळीच भाषा झालीये. 'मनापासून लिहिलंय' असं वाचलंत की समजायचं, आत काही नाही. 'लेखिकेचा स्वतःचा प्रवास' म्हणजे बाई ग्रंथालयाची पायरी चढलेली नाही. 'नव्यानं येणाऱ्यांसाठी उत्तम'— हे मी स्वतः किती वेळा लिहिलंय, विचारू नका— म्हणजे जुन्यांनी हे सगळं आधी वाचलंय, दुसऱ्यांच्या पुस्तकांत. आणि आमच्यात तारे नसतात बरं का, चंद्र देतात. पूर्ण चंद्र सगळ्यांनाच मिळतो. अर्धा दिला की क्लाइव्हचा फोन, ग्लेनिस, अर्धा कसा दिसेल, आपण त्याला वाढता चंद्र म्हणू या का? अमावास्या आजवर कुणाला मिळालेली नाही. मी एकदा द्यायला निघाले होते. मेणबत्त्यांवरचं पुस्तक होतं, एका गृहस्थांचं, चांगलं जाडजूड, आणि त्यातलं अर्धं, मेणबत्ती पेटवायची कशी ह्यावर. मी तेवढंच लिहिलं, खोटं एक अक्षर नाही. झालं! अहो, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आमच्यात शिव्या देत नाहीत. आमच्यात प्रेम आणि प्रकाश पाठवतात. सगळ्या खोऱ्यातून मला प्रेम आणि प्रकाश यायला लागला. ग्लेनिस, तुझ्या मनातल्या कडवटपणासाठी आम्ही मंगळवारी मेणबत्ती लावतोय. ग्लेनिस, जे पाठवशील ते तिप्पट होऊन परत येतं, विसरू नकोस हं. नेमका त्याच आठवड्यात माझा पाणी तापवायचा बंब फुटला, तर सगळ्यांचे चेहरे असे की बघ, आम्ही म्हटलं नव्हतं? बंब जुनाट होता हो! बंबाला काय कळतंय परीक्षण.

हसताय? हसा. पण ह्या पुस्तकाचं तसं नाही, हे मला जिव्हारी लागलंय. एकशे चाळीसावं पान उघडा. वाचा प्रकरणाचं नाव. 'खिंबाई: रिंगणाची विसरलेली माता.' हं. आता मी सांगते ते रिंगणातलं आहे, बाहेर बोलायचं नाही अशी शपथ असते आमची, तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं करा. आमचं मंडळ सुरू झालं झिलाच्या शेतावर. झिला म्हणजे वरच्या माळावरची, मेंढपाळाची बायको, नवरा गेल्यावर एकटीच राहायची. लोकांच्या चामखिळी घालवायची, जनावरांना काढे पाजायची. आम्ही सगळ्या शहरांतून इकडे येऊन राहिलेल्या, मी बर्मिंगहॅमची, आणि आम्हाला हवी होती खरीखुरी, पिढीजात चेटकीण. गेलो तिच्या दारात आणि विचारलं, तुम्ही चेटकीण आहात का? ती म्हणाली, केक आणणार असलात तर आहे. आम्हाला वाटलं, काय गूढ बोलते ही बाई!

पहिल्या पौर्णिमेला तिन्हीसांजेचे वरच्या कुरणात जमलो. झगे घातलेले, थंडीनं दातावर दात आपटतायत, धुकं असं की शेजारीण दिसेना. रिंगण धरायचं ते सुलटं, घड्याळाच्या काट्यांसारखं, एवढं पुस्तकात वाचलेलं, पण धुक्यात कुठलं सुलटं आणि कुठलं उलटं? एक इकडे निघाली, एक तिकडे निघाली, दोघी एकमेकींवर आदळल्या, एकीचा चष्मा गेला. आणि तेवढ्यात झिला ओरडली— खिंऽबाऽऽई! काय आवाज हो तो! माळ ओलांडून पार पलीकडे गेला. अंगावर काटा आला सगळ्यांच्या. आणि आमची पावलं आपोआप सुलटी पडायला लागली. सगळ्यांची, एकदम. त्या दिवसापासून दर पौर्णिमेला आम्ही हात धरून उभ्या राहायचो आणि वाट बघायचो. ती ओरडेपर्यंत एक जण हलायची नाही, ओरडली की सुरू. अर्थ विचारला तर म्हणायची, केक कुठाय. हे बघा, मनगटावर गोंदवून घेतलंय मी, वेलबुट्टीसकट. खिंबाई. दुखलं होतं फार.

आणि आता फिलिपा काय लिहिते बघा. 'खिं' म्हणजे वेल्श शब्दावरून दरी, 'बाई' म्हणजे म्हणे कुठल्याशा बुडालेल्या बोलीत श्वास, म्हणून खिंबाई म्हणजे दरीचा श्वास. रोमन लोक यायच्या आधीची देवी. पुढं धर्मगुरूंचा धाक आला, तेव्हा मेंढपाळांच्या बायकांनी तिला तोंडातल्या तोंडात जपून ठेवलं. पानंच्या पानं लिहिलंय. तळटीपा आहेत. नकाशा आहे. नकाशा हो! देवी कुठून कुठं गेली त्याचे बाण काढलेत.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते कुठं, तर शेतकी प्रदर्शनात. उन्हाळा संपता संपता नदीकाठी भरतं ना, तिथं माझं मेणबत्त्यांचं टेबल असतं, मुरंब्यांच्या शेजारी. समोर कुंपण आणि पलीकडे मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा. मला काय त्यात रस, मेंढी मी इतकी वर्षं ताटातच बघितलेली. मांडीवर पुस्तक, हातात चहा, एकशे चाळीसावं पान. आणि कानावर काय येतं? कम-बाऽऽय! मी उठले. म्हणजे मी नाही उठले, माझे पाय उठले. टेबलाभोवती सुलटा अर्धा वळसा घालून झाला माझा, हातात चहा तसाच, तेव्हा कुंपणापलीकडचा माणूस म्हणतो, ताई, तुम्हाला नाही, कुत्र्याला सांगतोय.

कुत्र्याला! अहो, मेंढ्यांच्या कुत्र्याला सुलटा वळसा घालायला सांगायचं असलं की कम-बाय म्हणतात. उलटा घालायला सांगायचा तर वेगळा शब्द आहे. ह्या खोऱ्यात कुणालाही विचारा, सांगेल. आम्ही कुणाला विचारलंच नाही, आम्ही शब्दकोश बघत बसलो. मी आपली तिथंच खिळून राहिले. ते कुत्रं सुसाट सुटलं, लांबून वळसा घातला, पांगलेल्या मेंढ्या गोळा केल्या आणि पुढ्यात घालून आणल्या. आणि तो माणूस काय करत होता? मेंढवाड्याच्या फाटकाची दोरी हातात धरून उभा. कुत्र्याची पळून पळून जीभ बाहेर, आणि ह्या बाबानं फाटक तेवढं उघडं धरायचं. बक्षीस मात्र ह्याच्या हातात दिलं. मला असं हसू आलं ना!

तशीच उठले आणि गेले झिलाकडे. ती आता वृद्धाश्रमात असते, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. म्हटलं, झिला, खिंबाई म्हणजे काय गं? आधी तिला कळेचना मी काय म्हणतेय. मग कळलं, आणि अशी हसायला लागली, अशी हसायला लागली, की कवळी बशीत पडली. पडली तेव्हा मला सगळा उलगडा झाला. त्या पहिल्या संध्याकाळी कवळी तिच्या खिशात होती, थंडीत हिरड्या दुखायच्या म्हणून; बोळक्या तोंडानं कम-बायचं झालं खिंबाई. आणि तिचं कुत्रं, मॉस, ते शेजाऱ्याच्या मेंढ्यांत शिरलं होतं. म्हणाली, मी मॉसला ओरडत होते, मॉसनं ऐकलं नाही, तुम्ही ऐकलंत. मी म्हटलं, अगं, मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस? म्हणते, दुसऱ्या वेळी गप्प बसून बघितलं की. हललात का एक तरी?

तर असं आहे पुस्तक. चंद्राच्या साक्षीनं आम्हाला मेंढरांसारखं वळलं, आणि फिलिपानं त्याचं तत्त्वज्ञान करून चंदेरी अक्षरांत छापलं. माझं परीक्षण तयार आहे. या इकडे, ह्या संगणकावर, वाचा पहिलं वाक्य. 'खिंबाई ही देवी नसून कुत्र्याला दिलेली आज्ञा आहे.' काय वाक्य आहे! असं वाक्य जन्मात एकदा सुचतं माणसाला. दुकान बंद करायच्या आधी क्लाइव्हला पाठवायचं, आज शेवटचा दिवस. छापणार नाही म्हणाला तर दुसरीकडे देईन. शनिवारी हॅलोविनच्या मेळाव्यात तिच्या पुस्तकाचा समारंभ आहे, सगळं खोरं लोटणार, सगळ्यांनी मिळून खिंबाई म्हणायचं ठरलंय, आणि नेमका आदल्या दिवशी अंक पडेल हातात. मग बघू म्हणावं किती प्रेम येतं आणि किती प्रकाश येतो. मंडळातून काढतील, माहितीये मला. शपथ मोडली म्हणतील. मोडली तर मोडली. कुणीतरी, कधीतरी, एकदा तरी खरं लिहायला नको का?

हेवा? कुणाला, मला? फिलिपाचा? छे हो. तुम्ही पण ना. म्हणजे आता, वेल्श शब्दकोश पहिल्यांदा मी आणला होता, ते वेगळं. तिला मीच दिला वाचायला. आणि ते 'दरीचा श्वास'— तुम्ही विषय काढलात म्हणून सांगते— ते माझं आहे. एकदा मंडळाची भांडी घासताना मी तिला म्हटलं होतं, माझ्या पुस्तकात यायचं होतं ते. पुस्तक राहिलं. ट्रेव्हरचं दुखणं निघालं, माझा नवरा, मग कसलं पुस्तक आणि कसलं काय. तळटीपेत तरी नाव घालायचं की नाही माझं? एवढ्या तळटीपा आहेत. ट्रेव्हर दवाखान्यात होता ना, तेव्हा मी त्याच्या पलंगाभोवती फिरायचे, खिंबाई खिंबाई करत, अगदी हळू. नर्सला वाटायचं मी फोन चार्जिंगला लावायला प्लग शोधतेय. तिनं दोनदा दाखवला मला प्लग. बरा नाही झाला तो. पण फिरत असले की मला— जाऊ दे. कुत्र्याला सांगायचं ते, आणि मी कुठं जाऊन म्हणत बसले बघा. त्याचाच संताप येतो हो. फिलिपावर एवढा नाही माझा राग.

चला. तेव्हा माझं ऐकाल तर हे पुस्तक घेऊ नका, त्यापेक्षा त्या खालच्या कप्प्यात वनस्पतींवरचं— काय? आहे तुमच्याकडे? मग हे कशाला? बहिणीसाठी. बरं. म्हणजे वाचलेलं आहे तुम्ही, आणि मी आपली मघापासून टकळी चालवलीये. बोलला नाहीत ते आधी— काय म्हणालात? रोज खिंबाई म्हणत फिरता? स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती?

अगं बाई.

कुणासाठी? मुलगी. केव्हा गेली? नाही, नको, सांगू नका, मला काय करायचंय— बरं, सांगा. फोन पण नाही? पत्ता पण माहीत नाही? आणि तुम्ही काय बोललात तिला? असं. असं बोललात. हं. आईची जीभ आहे, सुटते कधी कधी. माझ्या आईची रोज सुटायची, म्हणून तर मी बर्मिंगहॅम सोडलं. अगं, रडू नको. हा घे रुमाल, मेणबत्त्या पुसायचा आहे पण धुतलेला आहे. अरे देवा, आणि मी तुला कुत्र्याची गोष्ट सांगत बसले! का गं नाही बोललीस? पुस्तक कसं आहे म्हणून विचारलंस, मला वाटलं, कसं लिहिलंय ते विचारतेस. तुला विचारायचं होतं चालतं का. त्यानं कुणी येतं का.

इकडे बघ माझ्याकडे. कुत्र्याचं खोटं होतं, असं आत्ता जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या. पण नाही म्हणत. खरं आहे ते, अक्षर न्‌ अक्षर खरं आहे. दरीचा श्वास वगैरे काही नाही, ते मला भांडी घासताना सुचलं. पण तो शब्द ओरडतात कशासाठी? पांगलेलं गोळा करायला. लांब जा, वळसा घाल आणि घरी घेऊन ये, एवढंच सांगतात त्यानं. ह्या डोंगरांत कधीपासून ओरडतायत लोक, आणि गेलेलं परत येतं. सगळं नाही येत. मॉस तर मेलं ऐकायचंच नाही. पण येतं गं, मी बघितलंय, ह्या डोळ्यांनी बघितलंय त्या कुंपणापाशी. तू म्हणतेस कसं? म्हणून दाखव. छे छे छे. असं पुटपुटून काय होणार? पुस्तकात उच्चारच चुकीचा दिलाय, त्या बाईनं 'खिं'वर जोर टाकलाय. जोर पुढं. बाऽऽय. लांबव. माळ ओलांडून गेला पाहिजे. लाजतेस कशाला, तू, मी आणि मांजर, आहे कोण इथं? हं, आणखी. आणखी मोठ्यानं, टेबलाखाली बसलीये का ती?

हां. असं.

थांब, फोन. बोल क्लाइव्ह. नाही पाठवलं. पाठवत नाहीये, तूच घे लिहून. 'पृष्ठ एकशे चाळीस. उच्चार चुकीचा दिला आहे. जोर दुसऱ्या अक्षरावर हवा.' झालं. हो, एवढंच, हेच परीक्षण. मनापासून लिहिलंय असं नाही घालायचं. चंद्र? अर्धा दे. नाही, वाढता नाही, क्लाइव्ह, अर्धा म्हणजे अर्धा. तिला वाईट वाटलं तर लाव म्हणावं मंगळवारी मेणबत्ती, मीच देते दुकानातून. ठेव.

हे बघ, पुसलं ते वाक्य. गेलं. चांगलं होतं पण.

आणि तू बघत काय उभी राहिलीस? जा आता, बस चुकेल तुझी. बहिणीला दे पुस्तक, दोघी मिळून फिरा, सुलट्या फिरा. आणि ऐक— तो माणूस सांगितला ना मी तुला, नुसता फाटकाची दोरी धरून उभा होता तो? हसले मी त्याला. तुला तेच करायचंय बघ. ती दारात आली आणि तुझी जीभ पुन्हा सुटली, तर कुत्र्यानं तरी काय करायचं? चल, जा. रुमाल राहू दे तुझ्याकडे. आणि जाताना तेवढं दार ओढून— नको. राहू दे. उघडंच राहू दे.